विझून पुन्हा पेटणारा तारा

आकाशातल्या चांदण्या कधी बदलत नाहीत, असे आपण सगळेच धरून चालतो. चंद्र वाढतो, घटतो. शुक्राची चांदणी काही महिने संध्याकाळी दिसते, काही महिने पहाटे. पण बाकीच्या चांदण्यांचे काय? आपल्या आजोबांनी जे तिकांडे पाहिले, तेच आपण पाहतो. कृत्तिकांचा पुंजका तसाच. रोहिणी तशीच तांबूस. म्हणून तर एखादा माणूस शब्दाचा पक्का असला की आपण त्याला ध्रुवासारखा अढळ म्हणतो.

या पाठात आपण एका वेगळ्याच ताऱ्याची ओळख करून घेऊ. हा तारा दिसू लागतो, वाढतो, ऐन भरात येतो. मग मंद होत होत डोळ्यांना दिसेनासा होतो. त्याची जागा काळी, मोकळी राहते. आणि भरात आल्यापासून अकरा महिने झाले की गडी पुन्हा त्याच जागी, त्याच भरात हजर! हे सारे साध्या डोळ्यांनी पाहता येते. दुर्बीण लागत नाही, पैसा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि थोडी चिकाटी असली की झाले. वहीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले आहे. ती का लागते, ते पुढे येईलच.

या ताऱ्याचे नाव आहे मीरा. नाव ऐकून तुम्हांला संत मीराबाई आठवेल. पण तिचा आणि या नावाचा काही संबंध नाही बरं का. युरोपात पूर्वी विद्वान लोक लॅटिन भाषेत लिहीत. त्या भाषेत 'मीरा' म्हणजे नवलाची, अद्भुत. नाव परक्या भाषेतले असले तरी आपल्या जिभेवर सहज बसते, हा आपला फायदाच.

हे नवल पहिल्यांदा कोणाच्या ध्यानात आले? उत्तर जर्मनीत समुद्रकाठी पूर्व फ्रिसिया नावाचा सखल मुलूख आहे. तिथे डेव्हिड फाब्रिसियस नावाचा एक खेडेगावचा पाद्री होता. दिवसा धर्मोपदेश करायचा आणि रात्री आकाश पाहायचे, असा त्याचा क्रम. दुर्बीण तेव्हा कोणाकडेच नव्हती, तिचा शोधच लागला नव्हता. १५९६ च्या ऑगस्ट महिन्यात तो एका ग्रहाची जागा मोजत होता. मोजायला जवळची एखादी चांदणी खुणेला लागते. त्याने एक बरीशी चांदणी धरली, तिची जागा लिहून ठेवली आणि मग जुन्या याद्यांत तिचे नाव शोधू लागला. नाव कुठेच सापडेना! पुढच्या काही दिवसांत ती आणखी तेजस्वी झाली. मग उतरू लागली. ऑक्टोबरात पाहतो तो जागा रिकामी.

फाब्रिसियसला वाटले, हा एक नवा तारा पेटला आणि कायमचा विझला. असे कधी कधी होते. १५७२ साली असा एक नवा तारा साऱ्या युरोपाने पाहिला होता. पण पुढे १६०९ साली, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनी, त्याच जागी तीच चांदणी त्याला पुन्हा दिसली. विझलेला दिवा आपोआप पेटलेला पाहून माणूस जसा चपापेल, तसा तो चपापला असेल.

या पाद्र्याचा शेवट मात्र वाईट झाला. १६१७ साली त्याने देवळातल्या प्रवचनात, गावातल्या एका माणसाने हंस चोरल्याचे बोलून दाखवले. त्या माणसाने रागाच्या भरात फावड्याने त्याचा जीव घेतला. एका पाळीव पाखरापायी केवढा घात! पण त्याने तारखेनिशी लिहिलेले कागद मागे राहिले, म्हणून आज चारशे वर्षांनी आपण त्याचे नाव घेतो.

मधल्या काळात एक गंमत झाली. १६०३ साली बायर नावाच्या जर्मन वकिलाने ताऱ्यांचे नकाशे छापले. त्यात ही चांदणी आहे. इतर चांदण्यांसारखीच तिलाही त्याने एक ग्रीक अक्षर देऊन टाकले. ही दिसते, लपते, हे त्याच्या गावीही नव्हते! नुसते पाहणे वेगळे आणि पुन्हा पुन्हा पाहून ताडून बघणे वेगळे, ते असे.

ते ताडून पाहण्याचे काम हॉलंडमधल्या होलवार्डा नावाच्या शिक्षकाने केले. १६३८ साली चंद्रग्रहण पाहताना ही चांदणी त्याच्या नजरेत भरली. पुढे त्याने पाठपुरावा केला आणि ही सुमारे अकरा महिन्यांनी परत येते असे दाखवून दिले. 'मीरा' हे नाव हेव्हेलियस या ज्योतिषाने १६६२ साली रूढ केले. ज्योतिषी म्हणजे इथे पत्रिका मांडणारा नव्हे, तारे अभ्यासणारा. १६६७ साली बुलियो या फ्रेंच अभ्यासकाने फेरा ३३३ दिवसांचा सांगितला. आजचा हिशेब ३३२ दिवसांचा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, घड्याळे धड नसतानाचा हा हिशेब! फरक अवघा एका दिवसाचा. हे कशाने साधले? वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या माणसांनी तारीख घालून लिहून ठेवले, म्हणून साधले. 'गेल्या साली ही चांदणी मोठी होती' एवढे तोंडी सांगून असा हिशेब निघत नाही.

आता ती शोधायची कशी? डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, रात्री आठ-साडेआठला अंगणात या. विजेच्या दिव्याकडे पाठ करा. पंधरावीस मिनिटे तसेच बसा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. हातात मोबाईल असेल तर तो खिशात ठेवा. त्याचा पडदा एकदा पाहिला की सरावलेले डोळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

पूर्वेकडे मृगाचे तिकांडे वर आलेले असते. त्याच्या वर तांबूस रोहिणी आणि तिच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. एवढे तर तुम्ही ओळखताच. आता हात लांब करून मूठ धरा. लांब धरलेली मूठ आकाशाचा साधारण दहा अंश भाग झाकते. रोहिणीपासून नैर्ऋत्येकडे सुमारे अडीच मुठी गेलात की एक तांबूस चांदणी भेटते. तिचे अरबी नाव मेनकर. तिच्या आसपास पाच बारीकसारीक चांदण्यांचे वाकडे कडे दिसते. युरोपी लोकांनी इथे एक मोठा समुद्री प्राणी कल्पिला आहे. आपल्या पुस्तकांत त्याला तिमिंगल म्हणतात. हे कडे म्हणजे त्याचे डोके. मेनकरपासून पश्चिमेला अर्ध्या मुठीवर कड्यातलीच दुसरी चांदणी, तिच्याखाली तिसरी. याच रोखाने नैर्ऋत्येला आणखी अर्ध्या मुठीहून थोडे पुढे गेलात की मीरेची जागा आली.

दुसरी खूणही सांगून ठेवतो. अश्विनीजवळ, मेष राशीत, हमल नावाची ठसठशीत चांदणी आहे. त्या वेळी ती जवळजवळ डोक्यावर असते. तिथून सरळ दक्षिणेला अडीच मुठींहून किंचित जास्त उतरा. दोन्ही वाटांनी तुम्ही एकाच ठिकाणी पोचलात तर जागा बरोबर. तिथे तांबूस चांदणी असेल तर ती मीरा. काही नसेल तरी ती मीराच, फक्त लपलेली! गुरू, शनी, मंगळ या ग्रहांची वाट इथून बरीच उत्तरेला आहे. त्यामुळे एखाद्या ग्रहालाच आपण मीरा समजलो, असे सहसा होत नाही.

जागा सापडली, आता तेज मोजायचे. त्याला फूटपट्टी नाही, ताजवा नाही. मग मोजायचे कशाने? शेजाऱ्यांशी तुलना करून. ताऱ्यांच्या तेजाला 'प्रत' म्हणतात. पहिल्या प्रतीचा तारा फार तेजस्वी, दुसऱ्या प्रतीचा त्याहून कमी, सहाव्या प्रतीचा अगदी अंधुक. सहावीच्या पलीकडे साध्या डोळ्यांना दिसत नाही. आकडा वाढला की तेज घटले, हे नीट ध्यानात ठेवा. शाळेतल्या नंबरासारखेच आहे. पहिला नंबर वरचा, साठावा नंबर खालचा. हे उदाहरण सांगितले की वर्गात कोणी चुकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

रोहिणी साधारण पहिल्या प्रतीची. हमल दुसऱ्या. मेनकर अडीच. कड्यातली दुसरी चांदणी साडेतीन आणि तिच्याखालची तिसरी चार. सराफाच्या वजनांसारखी ही आपली वजने. समजा, मीरा मेनकरपेक्षा मंद दिसली, पण दुसरीपेक्षा तेजस्वी, आणि दोघींच्या अगदी मधोमध. अडीच आणि साडेतीन यांच्या मध्ये काय? तीन. मग लिहा, प्रत तीन. दुसरीकडे अधिक झुकत असेल तर सव्वातीन. पाव, अर्धा, पाऊण हा हिशेब आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही. बाजारात रोजचाच आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गातल्या मंडळींना काही वर्षांपूर्वी आम्ही हा प्रयोग करायला लावला. गावाबाहेर बंधाऱ्यावर गेलो. नियम एकच घातला होता. आधी प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचे, मग बोलायचे. आधी बोलले की सगळे एकाच्या मागून 'होय, होय' म्हणतात, हे आम्ही ग्रामसभेत फार पाहिले आहे. मीरा तेव्हा भरात होती. साठी उलटल्यावर अक्षर शिकलेल्या एका आजींनी लिहिले, 'मेनकरपेक्षा बारीक, दुसरीपेक्षा मोठी.' शेजारी एक सुतार बसले होते. त्यांनी लिहिले, 'मेनकरएवढीच.' वह्या उघडल्या आणि जुंपली.

"आजी, तुमची नजर आता थकली. मी दोरी न लावता फळी सरळ हाय का वाकडी, ते सांगतो."

"सांगत असशील बाबा. पन तू मघाधरनं टक लावून बघत हुतास. म्या येकदा बघितलं अन् लिवलं."

आजींनी नेमके दुखण्यावर बोट ठेवले होते. तांबड्या रंगाच्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो डोळ्याला आहे त्याहून अधिक तेजस्वी वाटू लागतो. जगभरचे अनुभवी निरीक्षक नवख्याला हेच सांगतात. तांबड्या ताऱ्याकडे झटकन नजर टाका, झटकन तुलना करा, टक लावू नका. मेनकरही तांबूसच, पण मीरेचा तांबडेपणा त्याहून गडद. सुतारांची नजर चांगलीच होती, पाहण्याची रीत तेवढी बदलायला हवी होती. पुढच्या आठवड्यात दोघांचे आकडे पाव प्रतीच्या आत आले. आजींनी त्या दिवशी वहीत तारीख, वेळ, 'चांदणे नाही', 'ढग नाही' असे सगळे लिहिले होते. ओळ वाकडी होती, पण एकही गोष्ट राहिली नव्हती.

परत येताना त्याच आजींनी विचारले, "गुरुजी, मग ती इझली म्हंजी मेली न्हवं?"

"नाही आजी. मेली असती तर परत आली असती का?"

"मग करती काय ती?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर सावकाश समजून घेऊ.

मीरा हा सूर्याच्याच जातीचा, पण म्हातारा झालेला तारा आहे. तारा म्हातारा झाला की आतले इंधन सरत येते, तसा तो फुगतो आणि वरून थंड होतो. थंड झाला की रंग तांबडा होतो. लोहाराच्या भट्टीतले लोखंड पाहा. फार तापले की पिवळे-पांढरे, निवू लागले की तांबडे. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश तापलेला आहे, मीरेचा तीन हजारांच्या आसपास. आकार मात्र अवाढव्य. सूर्याच्या जागी मीरा आणून ठेवली तर आपली पृथ्वी तिच्या पोटात जाईल. आपल्या सूर्यावरही सुमारे पाचशे कोटी वर्षांनी अशीच वेळ येणार आहे. आपल्याला घाबरायचे कारण नाही, अवकाश भरपूर आहे.

असा फुगलेला तारा स्थिर राहत नाही. चुलीवर डाळीच्या भांड्याला झाकण घातले की काय होते? वाफ कोंडते, झाकण उचलते, वाफ निसटते, झाकण खाली बसते, पुन्हा वाफ कोंडते. मीरेच्या बाहेरच्या थरांचे असेच आहे. आतली उष्णता काही काळ कोंडली जाते, थर बाहेर ढकलले जातात, उष्णता निसटते, थर पुन्हा आत बसतात. अशी एक उचल आणि एक बैठक मिळून ३३२ दिवस. छातीच्या भात्यासारखे हे वरखाली होणे. अशा ताऱ्यांना स्पंदनशील तारे म्हणतात. आणि ज्यांचे तेज बदलते त्या सगळ्या ताऱ्यांना मिळून रूपविकारी तारे म्हणतात.

पण इथे एक अडचण आहे, आणि मीरेचे खरे नवल त्यातच आहे. एवढ्याशा उचल-बैठकीने तारा दिसेनासा का व्हावा? मीरा भरात असते तेव्हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या प्रतीच्या दरम्यान असते. ओसरली की नवव्या-दहाव्या प्रतीला जाते. म्हणजे डोळ्याला पोचणारा उजेड शेकडो पटींनी घटतो, कधी हजार पटींनीही. पण तिची उष्णता मोजली तर ती इतकी घटत नाही, थोडीच कमी होते. दिवा जवळजवळ तेवढाच जळतो आहे आणि उजेड मात्र गेला! हा काय प्रकार?

कंदिलाची काच काजळली की काय होते, ते आठवा. वात जळत असते, हाताला काच गरम लागते, पण खोलीत अंधार. मीरेच्या वरच्या थरांत टायटॅनियम नावाच्या धातूची आणि प्राणवायूची मिळून एक वाफ असते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात याच धातूचे संयुग घालतात. तारा थोडा निवला की ही वाफ दाट होते आणि नेमका डोळ्याला दिसणारा उजेड अडवते. तारा तापला की वाफ मोडते, काच जणू पुसली जाते. म्हणून आजींना आम्ही पुढच्या वर्गात सांगितले, ती मरत नाही, विझतही नाही, तिची काच काजळते. आजींना ते पटले. कंदिलाच्या काचा त्यांनी जन्मभर राखेने पुसल्या होत्या.

तेज चढते झटपट आणि उतरते सावकाश. चढायला साडेतीन-चार महिने, उतरायला सुमारे सात. आणि दर वेळी सारखी उंची गाठीलच असेही नाही. एका खेपेला मेनकरच्या वर जाईल, दुसऱ्या खेपेला साडेतीनपर्यंतही पोचणार नाही. १७७९ साली विल्यम हर्शेल या प्रसिद्ध ज्योतिषाने पाहिले तेव्हा तर ती हमलला मागे टाकून रोहिणीच्या जवळपास गेली होती. का, ते तिचे तिलाच माहीत. दुसरे काही स्पंदनशील तारे घड्याळासारखे चालतात. वृषपर्वा तारकासमूहात असा एक तारा आहे. जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या बहिऱ्या तरुणाने १७८४ साली त्याचा सव्वापाच दिवसांहून थोडा मोठा फेरा शोधून काढला. वयाच्या एकविसाव्या वर्षीच तो वारला. आणि हो, पाठाच्या आरंभी ज्याला आपण अढळ म्हटले, तो ध्रुवदेखील स्पंदनशीलच आहे! साधारण चार दिवसांचा त्याचा फेरा. बदल इतका थोडा की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तेव्हा शब्दाच्या पक्क्या माणसाला ध्रुवाची उपमा खुशाल देत राहा, त्याला हे सांगू नका म्हणजे झाले.

मीरेविषयी आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. तिच्या शेजारी एक लहानसा दाट जोडीदार फिरतो. तो श्वेत लघुतारा, म्हणजे म्हातारपण संपवून राख झालेला तारा. १९२३ साली तो मोठ्या दुर्बिणीतून प्रथम दिसला. दुसरी गोष्ट २००७ सालची. अमेरिकेच्या गॅलेक्स नावाच्या उपग्रहाने या भागाची छायाचित्रे घेतली. आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या जंबुपार किरणांत ती घेतलेली होती. त्यांत मीरेच्या मागे एक लांबलचक शेपूट दिसली. लांबी तेरा प्रकाशवर्षे. म्हणजे शेपटीच्या एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकाला पोचायला तेरा वर्षे लागतात. मीरा सेकंदाला १३० किलोमीटर वेगाने धावते आहे. मुंबईहून पुण्याला पोचायला तिला सेकंद-सव्वा सेकंद पुरे. धावता धावता अंगावरचा वायू आणि धूळ मागे टाकते. या शेपटीत गेल्या तीस हजार वर्षांतले सांडलेले आहे. चारशे वर्षे लोक या ताऱ्याकडे पाहत होते आणि एवढी मोठी शेपूट कोणालाच ठाऊक नव्हती!

ती आपल्यापासून सुमारे तीनशे प्रकाशवर्षे दूर आहे. अंगणात बसून तुम्ही जो उजेड पाहाल, तो अजमासे थोरल्या बाजीरावाच्या काळात तिथून निघालेला आहे.

आता वहीकडे येऊ. काही जण म्हणतील, एवढ्या मोठाल्या दुर्बिणी आहेत, उपग्रह आहेत, मग आमच्या वहीला विचारतो कोण? विचारतात. मोठी दुर्बीण एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षे रोज रात्री पाहत बसू शकत नाही, तिच्यापुढे कामांची रांग असते. शिवाय एका गावी ढग असले तर दुसऱ्या गावचा माणूस लागतो. म्हणून अमेरिकेत १९११ साली रूपविकारी तारे पाहणाऱ्या हौशी मंडळींची एक संस्था निघाली. जगभरच्या लोकांच्या नोंदी ती जमा करते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. त्यात शेतकरी, कारकून, डॉक्टर, शिक्षक कोणीही असू शकतो. विचारतात ते एवढेच, की कधी पाहिलेत आणि कशाशी ताडून पाहिलेत. आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी लोकांची संस्था १९४४ पासून आहे.

या अमेरिकेतल्या संस्थेला सर्वांत जास्त नोंदी पाठवणाऱ्यांत एक आपला माणूस होता. राधागोविंद चंद्र त्यांचे नाव. जन्म १८७८ चा, बंगालमधल्या जेसोर जिल्ह्यातला. तो भाग आता बांगलादेशात आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांना एक धडा होता, हे विश्व केवढे मोठे आहे असे सांगणारा. त्या धड्याने त्यांना चांदण्यांचे वेड लावले. वेड इतके की एन्ट्रन्सच्या, म्हणजे पुढे जिला मॅट्रिक म्हणू लागले त्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले! आम्ही जन्मभर मुलांना पास करण्याच्या खटपटीत घालवला, पण या नापास विद्यार्थ्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पुढे जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची साधी नोकरी त्यांना मिळाली. दिवसा नाणी पारखायची, रात्री तारे. १९१० साली हॅलेचा धूमकेतू पाहिल्यावर त्यांनी एक लहान दुर्बीण मागवली. १९१८ साली आकाशात एक नवा तारा पेटला, तो त्यांनी आपला आपण टिपला. १९१९ पासून १९५४ पर्यंत त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. त्यांचे काम पाहून संस्थेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले. ती दुर्बीण पुढे तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत पोचली.

३७ हजार हा आकडा मोठा वाटतो. पण एकेक नोंद पाहिली तर तुमच्या वहीतल्या ओळीएवढीच असते. तारीख, वेळ, ताऱ्याचे नाव, प्रत. एवढे लिहायला किती अक्षरे लागतात? तुम्हांला ती सगळी आता येतात.

सुरुवात केव्हा करायची? एप्रिल-मेमध्ये सूर्य त्या बाजूला असतो, तेव्हा मीरा दिसत नाही. पुढे ती पहाटे उगवते, पण पावसाळ्याचे ढग पाहू देत नाहीत. म्हणून आपल्याकडे कोजागिरीपासून होळीपर्यंतचा काळ खरा. कोजागिरीला ती पूर्वेला असते, होळीच्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेला उतरते. तिचा फेरा वर्षापेक्षा महिनाभर लहान आहे. त्यामुळे भरात येण्याचा दिवस दर वर्षी महिनाभर अलीकडे सरकतो. दहा वर्षांत अकरा फेरे होतात. काही वर्षे तिचा भर ऐन थंडीत येतो, तेव्हा मजा पाहून घ्यावी. काही वर्षे तो उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात येतो. मग चढण किंवा उतरण तेवढी वाट्याला येते.

आठवड्यातून एकदा पाहिलेत तरी पुरे. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात अंधुक तारे बुडतात, तेव्हा 'चांदणे आहे' असे लिहून ठेवा. आकाशात ती खाली, क्षितिजाजवळ असेल तेव्हा प्रत लिहू नका. धुळीने तेज कमी भासते. मागची नोंद पाहून नवी लिहू नका. मागचे पान दुमडून ठेवलेले बरे. आणि जागा नीट सापडली, हमलकडून खाली आलात, मेनकरकडून आडवे गेलात, दोन्ही वाटा जुळल्या आणि तरी तिथे काहीच नाही, तर पान कोरे ठेवू नका. तारीख घाला, वेळ घाला. सर्वांत अंधुक अशी कोणती चांदणी त्या रात्री दिसत होती ते लिहा. आणि पुढे लिहा, 'मीरा दिसली नाही.' तीही नोंदच आहे.